रबाळ्याहून उचललेली आठ महिन्यांची बुजरी कुत्री: तिच्यासाठी धीर धरणारं घर कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीतून उचललेली, अंदाजे आठ महिन्यांची गावठी मादी सध्या ऐरोलीत तुमच्या वन बीएचकेमध्ये आहे. घरातल्या दोघांना ती सरावली, पण तिसरं माणूस आलं की पलंगाखाली. फोटो टाकल्यावर फोन भरपूर आले. ज्या एका कुटुंबाने नेली त्यांनी चार दिवसांत परत आणून सोडली.

सगळ्यात आधी त्या कुटुंबाला शांतपणे फोन करा. राग नको, माहिती हवी. ती कुठे लपली, पहिल्यांदा कधी खाल्लं, बाहेर कोणी आणि किती वाजता नेलं, घाबरली तेव्हा नेमकं काय चाललं होतं? पुढच्या घराला काय सांगायचं ते यातूनच मिळेल. आणि परत आल्याची गोष्ट पुढच्या घरापासून लपवू नका.

मग जाहिरात बदला. ‘लाजाळू आहे, प्रेम दिलं की खुलेल’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. वाचणारा प्रेम म्हणजे जवळ घेणं, कुरवाळणं असं समजतो, आणि तिला नेमकं तेच सोसत नाही. चार दिवस जीव लावूनही कुत्री पलंगाखालून निघत नाही म्हटल्यावर माणसं हिरमुसतात. त्यापेक्षा ती काय करते तेच लिहा, वेळ आणि अंतरासकट. साधारण असं:

‘मादी, अंदाजे ८ महिने, १३ किलो, नसबंदी आणि लसीकरण झालेलं. अनोळखी माणूस घरात आलं की पलंगाखाली जाते, ते गेल्यावर अर्ध्या तासाने बाहेर येते. आजवर चावलेली नाही. कोपऱ्यात गाठून हात पुढे केला तर अंग चोरून थिजून बसते. ओळखीच्या माणसाच्या हातून खाते. लिफ्टमध्ये चढत नाही, जिना उतरते. पहाटे ५ ला आणि रात्री ११ ला, रस्ता रिकामा असतानाच शू-शी करते. दुसरं कुत्रं सोबत असलं की मोकळी होते. पहिल्या महिन्यात हात लावू देईलच असं धरून चालू नका.’

आकडे तुमच्या कुत्रीचे घाला. कधी गुरगुरली असेल तर तेही लिहा, कुठल्या वेळी ते सांगा. फोन दहाला दोन येतील, पण ते कामाचे असतील. सोबत तीस-तीस सेकंदांचे तीन व्हिडिओ ठेवा: तुमच्यासोबत घरात, रस्त्यावर पट्ट्यावर, आणि पाहुणा आल्यावर. तिसरा गाळू नका. मात्र त्यासाठी मुद्दाम पाहुणे बोलावून तिला घाबरवूही नका.

तिला द्यायच्या आधी एक रक्ततपासणी करून घ्या. आपल्याकडे गोचीडतापाचा सुळसुळाट आहे, पावसाळ्यात जास्तच. प्लेटलेट कमी झालेली, अंगात कसकस असलेली कुत्री कोपरा धरून बसते आणि आपण तिला ‘लाजरी’ म्हणत राहतो. कानाचा संसर्ग, गाडी लागून दुखावलेलं कंबरडं यांचंही तसंच. हात लावू न देणारं कुत्रं कधी कधी दुखतंय म्हणून लावू देत नाही. बाकी रेबीजची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मल्टी लसीचे (डिस्टेंपर, पार्व्होसारख्या रोगांवरची एकत्रित लस) दोन डोस आणि जंताचं औषध हे ठरलेलं. नसबंदी तुमच्याकडेच उरका आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवस, टाके भरेपर्यंत, घर बदलू नका. ‘आम्ही नंतर करून घेऊ’ म्हणणाऱ्यांना नसबंदी न झालेली मादी कधीही देऊ नये.

आता घर कसलं हवं. माझ्या मते एकाच गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो: त्या घरात आधीपासून एक निवांत, माणसाळलेलं कुत्रं असणं. रस्त्यावर टोळीत वाढलेलं पिल्लू माणसाकडे बघण्याआधी दुसऱ्या कुत्र्याकडे बघतं. घरातलं कुत्रं मालकाजवळ जाऊन पसरलं की हिची भीती निम्मी होते. पण ते कुत्रं वाडग्यावरून भांडणारं किंवा सांधे दुखणारं म्हातारं नको. दोघांची पहिली गाठ घरात घालू नका. रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा फुटांचं अंतर ठेवून, दोघांना एकाच दिशेने वीस मिनिटं चालवा.

त्यानंतर इमारत. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावरचं प्रेमळ घर तिच्यासाठी अवघडच. दिवसातून सहा-आठ वेळा अनोळखी माणसांसोबत बंद डब्यात उभं राहायचं, दार उघडलं की समोर सायकलवाली पोरं. वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतीतला पहिला मजला तिला कितीतरी सोपा. रो-हाऊस असेल तर फाटकाखालची फट आणि कुंपणाची उंची बघा. घाबरलेली गावठी कुत्री पाच फुटांची भिंत सहज चढते.

‘आमचं फार्महाऊस आहे, मोकळी राहील’ याला सरळ नाही म्हणा. आठवडाभर तिथे फक्त वॉचमन असतो आणि ती पहिल्याच रात्री निघून जाते. येऊरला बंगला आहे आणि कुत्री रात्री बाहेर राहील, यालाही नाहीच. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि बिबट्याच्या खाण्यात कुत्री सर्रास असतात. राखणीला कुत्रं हवं असणाऱ्यांना ती उपयोगाचीच नाही, हे त्यांच्या भल्यासाठीही सांगून टाका.

दिवसभर कामावर जाणारं जोडपं मी लगेच नापास करणार नाही. अशी कुत्री रिकाम्या, शांत घरात दुपारी छान झोपते. येणारे-जाणारे, टीव्ही आणि लहान मुलं असलेलं भरलं घर तिला जास्त जड जातं. आठ-दहा वर्षांखालची मुलं असतील तर टाळा. मूल वाईट वागतं म्हणून नव्हे, पलंगाखाली कोण आहे ते वाकून बघायचा मोह त्या वयात आवरतच नाही म्हणून.

फोनवर दहा मिनिटांत बरंच कळतं. घर स्वतःचं की भाड्याचं? अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर मालकाची लेखी संमती आहे का? पहाटे पाचला कोण उतरणार, नाव सांगा. आधीचं कुत्रं असेल तर त्याचं काय झालं? वर्षभरात बदली, बाळंतपण, घराचं रिडेव्हलपमेंट यातलं काही आहे का? कामवाल्या मावशी किती वाजता येतात आणि त्या कुत्र्यांना घाबरतात का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण रोज सकाळी झाडू घेऊन वाकणारं माणूस हे अशा कुत्रीसाठी मोठं प्रकरण असतं. ‘मुलगी वाढदिवसाला हट्ट धरून बसलीय’ हे ऐकलं की गोड बोलून फोन ठेवा. ‘किती दिवसांत नॉर्मल होईल?’ असं विचारणाऱ्याला लगेच काट मारू नका. ‘महिने लागतील, थोडी बुजरी कदाचित कायम राहील’ असं सांगा आणि पलीकडून काय येतं ते ऐका.

सोसायटीचं थोडक्यात: कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालण्याचा अधिकार कमिटीला नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. तरी भांडून मिळवलेल्या घरात रोजचा जिना तिलाच उतरायचा असतो, म्हणून सेक्रेटरीशी आधी बोललेलं बरं. महापालिकेचा परवाना नवीन घराने काढायचा, रेबीजचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात द्या.

भेट तुमच्याच घरी ठेवा, एका वेळी दोनच माणसं. जमिनीवर बसायचं, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. टक लावून बघायचं नाही, ‘ये ये’ नाही, हात पुढे नाही. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे जवळ ठेवायचे आणि अधूनमधून एक तुकडा तिच्या पलीकडे, तिच्या मागे टाकायचा. इथे बहुतेक लोक चुकतात. हातावर तुकडा धरला की ती भुकेपोटी मान लांब करून येते, तुकडा तोंडात घेते आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या अगदी जवळ आहोत. मग ती दचकून पळते, आणि पुढच्या खेपेला त्याच माणसाला जास्त घाबरते. तुकडा मागे टाकला की ती खाण्यासाठी लांब जाते, अंग सैल पडतं आणि वळून स्वतःहून दोन पावलं पुढे येते. चाळीस मिनिटं हेच. ओठ चाटणं, जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, पंजा उचलून धरणं दिसलं तर अंतर वाढवा. अशा किमान तीन भेटी दोन-तीन दिवसांच्या फरकाने झाल्याशिवाय हो म्हणू नका. माणसांचीही परीक्षा होतेच. चाळीस मिनिटं गप्प बसणं ज्यांना जमत नाही, त्यांना पुढचे तीन महिने जमणार नाहीत. जाताना त्यांचा वापरलेला एखादा टी-शर्ट ठेवून घ्या आणि तिच्या अंथरुणाजवळ टाका.

कधी न्यायचं यालाही महत्त्व आहे. गोकुळाष्टमीपासून दिवाळी उलटेपर्यंत ठाण्यात घर बदलू नका. दहीहंडीचे डीजे, गणपतीचे ढोल-ताशे, नवरात्र, मग फटाके, सगळं ओळीने येतं. टेंभी नाका-नौपाड्याच्या बाजूचं घर असेल तर जास्तच. या मोसमात पट्टा तोडून पळालेली कुत्री सापडणं कठीण.

नेऊन सोडायला तुम्ही स्वतः जा, रिक्षाने नव्हे, बंद गाडीने. आधी चार-पाच तास खायला देऊ नका, नाहीतर ओकेल. तिची चादर न धुता सोबत द्या. तिथे पूर्ण घर नको, एकच खोली. भिंतीला लावलेल्या टेबलावर चादर टाकून तीन बाजूंनी बंद अशी जागा करा, पाणी जवळ.

हार्नेसबाबत (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) तडजोड नको. घाबरलेलं कुत्रं पुढे नाही, मागे ओढतं. मान खाली घालतं, पुढचे पाय जवळ घेतं आणि साधा हार्नेस डोक्यावरून निघून हातात येतो. म्हणून बरगड्यांच्या मागे पोटावर तिसरा पट्टा असलेला हार्नेस आणि सोबत मार्टिंगेल कॉलर (ओढलं की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा गळपट्टा) घ्या, दोन्हींना वेगवेगळे पट्टे, एक हातात आणि एक कमरेला बांधलेला. कॉलरखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही. घरातच समोरून हळूच ओढून बघा, निघतोय का. गुंडाळला जाणारा आपोआप पट्टा तर नकोच. त्याची मूठ हातून सुटली की ती खडखडत मागे येते आणि कुत्री त्या आवाजापासूनच पळत सुटते.

दुसरी पळवाट घराचं दार. बेल वाजते, पार्सलवाला उभा, दार फूटभर उघडलेलं, आणि ती पायांमधून जिन्यात. नियम एकच ठेवायला सांगा: तिच्या खोलीचं दार लागल्याशिवाय मुख्य दार उघडायचं नाही. बेलच्या वर तसा कागद चिकटवा. सेफ्टी डोअर असेल तर त्याची कडी रोज लागलीच पाहिजे.

पहिले एक-दोन दिवस ती खाणार नाही, रात्री उठून खाईल, घरातच शू करेल. दिवसभर पाणीही प्यायली नाही किंवा दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर डॉक्टर. नव्या घरात बिचकणं कमी व्हायला तीन दिवस, रुळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने हा ठोकताळा लोक सांगतात. बुजऱ्या कुत्रीला तो कमीच पडतो. आणखी एक आधीच सांगून ठेवा: साधारण सहा ते चौदा महिन्यांच्या वयात भीतीचा दुसरा टप्पा येतो. काल चाललेली छत्री आज चालत नाही. नव्या घराला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, त्या आठवड्यात नवीन काही करायला लावायचं नाही, एवढंच. गुंगीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं, भीती मात्र आत तशीच राहते. औषध लागेलच तर डॉक्टरांनी ठरवावं.

कागदावर तीन गोष्टी हव्यात: पहिले तीस दिवस फॉस्टर म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी म्हणून, नको झाली तर फक्त तुमच्याकडेच परत, आणि तिसऱ्या कोणाला द्यायची नाही. दोन्ही बाजूंच्या ओळखपत्रांची प्रत जोडा. महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेणाऱ्याने ते पुन्हा रस्त्यावर जाऊ देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलं आहे. तुमचा मार्ग वेगळा असला तरी अट तीच ठेवा.

त्याच कागदामागे पळाली तर काय करायचं तेही लिहून द्या, कारण त्या वेळी कोणाला काही सुचत नाही. हाका मारू नका, मागे धावू नका. पहिले काही तास ती बहुधा जवळच एखाद्या गाडीखाली किंवा झुडपात असते. वॉचमन आणि त्या भागात कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना सांगा: पकडू नका, फक्त फोटो आणि जागा कळवा. तुम्हाला लगेच फोन करायला सांगा, तुमचा आवाज तिला ठाऊक आहे. रात्री दोननंतर, रस्ता सामसूम झाल्यावर, तिची चादर आणि वासाचं चिकन घेऊन जमिनीवर पाठमोरे बसा.

घर मिळेपर्यंत महिने जाऊ शकतात, तेवढ्यात तिला दोन गोष्टी शिकवून ठेवा. एक पिंजरा: दार उघडं ठेवून रोजचं जेवण आतच, पंधरा दिवसांनी दार मिनिटभर लावायचं. दुसरी लिफ्ट: रात्री अकरानंतर, आधी नुसती उघड्या दाराशी उभी, मग दोन पाय आत, मग आत जाऊन लगेच बाहेर, आणि सगळ्यात शेवटी एक मजला. ती लिफ्टमध्ये चढू लागली की जाहिरातीतलं ते वाक्य बदला. ठाण्यातली निम्मी घरं त्या एका वाक्याने तिला उघडी होतील.