डॉक्टर म्हणून परदेशी जावं की सॉफ्टवेअर शिकून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमबीबीएसचं शेवटचं वर्ष चालू आहे, प्रोग्रॅमिंग मनापासून आवडतं, परदेशी जायचंय, तर डॉक्टर म्हणून जावं की वैद्यकी सोडून सॉफ्टवेअरमध्ये शिरावं? मी ब्रिटनमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काम करून निवृत्त झालो. प्रोग्रॅमिंग हौसेनं शिकलो, पुढे दवाखान्यातल्या कामापुरतं वापरलंही. त्यामुळे लिहितोय ते ब्रिटनपुरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंटर्नशिप पुरी करा, डॉक्टरकीची नोंदणी मिळवा, सॉफ्टवेअरचं काय ते त्यानंतर बघा. डॉक्टरला प्रोग्रॅमिंग चाळिशीतही शिकता येतं. प्रोग्रॅमरनं चाळिशीत डॉक्टर व्हायचं म्हटलं तर घरचेच वेड्यात काढतील.

पण हा सल्ला स्वस्तातला नाही. सॉफ्टवेअरवाल्याला नव्या देशात कुणी पुन्हा परीक्षेला बसवत नाही, आपल्याला बसवतात. १९७५ साली डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलनं भारतीय पदव्यांची थेट मान्यता काढून घेतली, तेव्हापासून ही भानगड आहे. आधी इंग्रजीची परीक्षा, मग प्लॅबच्या, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीच्या परीक्षेच्या, पहिल्या भागात १८० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या भागात मँचेस्टरला जाऊन रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटांना तपासून दाखवायचं. हे सगळं अभ्यासानं जमतं. खरी अडचण त्यापुढे आहे. प्रशिक्षणाच्या जागांसाठी चुरस अलीकडे इतकी वाढलीय की प्लॅब पास झालेले हुशार तरुण डॉक्टर नोकरीची वाट बघत बसलेत. एजंट हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय.

राहण्याचं म्हणाल, तर दोन्ही पेशांत एक मोठा फरक आहे आणि तो पगाराच्या आकड्यात दिसत नाही. जीपीला लोक पहिल्याच आठवड्यात घरात घेतात. घरभेटीला गेलात की म्हाताऱ्या बाईचा जिना, तिचं थंडगार स्वयंपाकघर, शेल्फावर न उघडता पडलेली औषधं, सगळं दिसतं. तिची मुलगी कुठल्या गावी असते आणि फोन का करत नाही, हेही कळतं. माझे कितीतरी सॉफ्टवेअरमधले मित्र त्याच देशात वर्षानुवर्षं राहिले. शेजाऱ्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलले नाहीत. परकेपणा मलाही वाटला, नाही असं नाही, पण कामावर असताना कधी नाही.

आता उलट बाजू. वडील आजारी पडले की सॉफ्टवेअरवाला लॅपटॉप घेऊन त्यांच्या उशाशी महिनाभर बसू शकतो. डॉक्टरला ड्यूटीचा रोटा असतो, बदली माणूस मिळाल्याशिवाय हलता येत नाही. सगळ्या नातेवाइकांचे रिपोर्ट मोबाइलवर आपल्याकडेच येतात, आपण रात्री उठून मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन बघतो, आणि प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा आयसीयूबाहेर भलताच कुणीतरी उभा असतो. याला उपाय नाही. परदेशी जाण्याचा निर्णय घेताना हे हिशेबात धरा, एवढंच.

आता तुमच्या आवडीचं. मी कामाला लागलो तेव्हा रुग्णाचा सगळा इतिहास एका छोट्या खाकी पाकिटात असायचा. १९११ च्या विमा कायद्यामागचे ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज यांचंच नाव त्या पाकिटाला पडलेलं. जुन्या माणसाचं पाकीट फुगून फाटायला आलेलं असे, पण त्यात एखाद्या डॉक्टरनं लिहिलेली 'नवऱ्याला हे सांगू नये' अशी ओळ सापडायची. मग संगणक आले. लफबरोच्या डॉ. जेम्स रीड यांनी १९८० च्या दशकात आजारांच्या नोंदीसाठी बनवलेले कोड आले, आजार पाच अक्षरांत बसला. २००४ पासून जीपीच्या उत्पन्नाचा एक भाग ठरावीक नोंदींवर ठरू लागला, आणि रुग्ण समोर रडत असताना पडदा विचारत राहिला: रक्तदाब घेतला का? धूम्रपानाबद्दल विचारलं का?

म्हणून मी संगणकाच्या विरोधात आहे असं समजू नका. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असलेल्या माणसाला घाईत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिताना (दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो) यंत्रानं हात धरला, तर त्याचे आभारच मानावेत. पण तेच यंत्र दिवसभरात फालतू इशारे इतके देतं की बोट आपोआप 'पुढे चला'वर जातं. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची गोष्ट वाचा. १९८५ ते ८७ दरम्यान सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा गेली. सॉफ्टवेअरमध्ये दोष होताच. पण पडद्यावर 'बिघाड ५४' असा अर्थहीन संदेश यायचा आणि रोजच्या सवयीनं ऑपरेटर पुढे जाण्याचं बटण दाबायचे. कोड लिहिणाऱ्याला या सवयीची कल्पना नव्हती. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला असते.

याच्या उलट उदाहरण लीड्सच्या डॉ. डी डोंबल यांचं. १९७२ साली त्यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणकाचं निदान तपासलं: संगणक ९१.८ टक्के बरोबर, सर्वांत वरिष्ठ डॉक्टर ७९.६ टक्के. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. संगणकासाठी जो सविस्तर फॉर्म भरावा लागे, तो नीट भरण्याच्या शिस्तीनंच तरुण डॉक्टरांचं स्वतःचं निदान सुधारत गेलं. दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, खोकल्यावर वाढतं का, हे विचारायचं त्यांच्याकडून राहत नसे. हे काम डॉक्टर असलेल्या प्रोग्रॅमरलाच सुचतं.

आणि अशा माणसाला तिथे जागा आहे. इंग्लंडमधल्या एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, रुग्णसेवेचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर (ते सॉफ्टवेअर रुग्णांसाठी सुरक्षित आहे ना, हे बघणारा) नेमावा लागतो, आणि तो डॉक्टर, नर्स असा नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिकच लागतो. सुरक्षेच्या फाइलवर त्याची सही लागते. नोंदणी सोडून दिलेल्या डॉक्टरला ती करता येत नाही. म्हणून नोंदणी टिकवा, आठवड्यातून थोडे तास का होईना रुग्ण बघत राहा.

दरम्यान इंटर्नशिपमध्ये शिकायचंच असेल तर आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका, मग स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोडसंग्रहाची रचना समजून घ्या, मग एफएचआयआर, म्हणजे दोन यंत्रणांमध्ये रुग्णांची माहिती देण्याघेण्याचं मानक. आकर्षक ॲप बनवण्याच्या नादाला इतक्यात लागू नका. वॉर्डातल्या डिस्चार्ज कार्डावर कुठली माहिती रोज चुकते किंवा दोनदा लिहावी लागते, ते वहीत टिपून ठेवा. प्रोग्रॅमिंगसाठी विषय तिथेच मिळतील.