आजीची रील आणि तीन लाखांचा आकडा

"मॅडम, पोरगी रीलच्या नादाला लागलीये, फोन काढून घेऊ का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या आया विचारतात की आता मी उलट विचारते, नाद रील बघायचा आहे की स्वतः रील टाकायचा? कारण दोन्हीचं दुखणं वेगळं असतं.

ही केस रील टाकायच्या नादाची होती. मुलगी अकरावी सायन्सला. (ओळख पटेल असं सगळं बदललंय, घरच्यांना विचारून लिहितेय.) आईला वाटत होतं की कुणीतरी घाण कमेंट केली असणार, म्हणून पोरगी जेवत नाही, क्लास बुडवते, आजीशी तर बोलणंच बंद. मलाही आधी तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण दुसऱ्या वेळी तिने बॅगेतून केमिस्ट्रीची वही काढली, शेवटची पानं उघडली आणि माझ्यासमोर सरकवली. पट्टीने आखलेला तक्ता, एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला व्ह्यूज. सकाळी सहा, सव्वासहा, साडेसहा, मधल्या सुट्टीत, रात्री अडीचला पण. पहिल्या रीलला तीन लाखाच्या वर, त्यानंतरच्या सगळ्यांना चारशे, सहाशे, दोनशे दहा. घाण कमेंट एकही नव्हती, कमेंटच नव्हत्या.

ती पहिली रील म्हणजे आजी पाट्यावर ठेचा वाटतेय आणि मिक्सरला शिव्या घालतेय, एवढंच. सहज काढलेली. मग ती चालली म्हटल्यावर आजीला रोज तीच हिरवी साडी, तोच पाटा, "आजी परत म्हण ना, पण पहिल्यासारखं म्हण." सात-आठ दिवस आजीने केलं बिचारीने, मग एक दिवस वरवंटा ठेवला आणि म्हणाली माझे खांदे भरलेत, मी काय तमाशातली बाई आहे का. तिथून अबोला.

पालकांना व्हायरल म्हटलं की जिवावर बेतणारे प्रकार आठवतात, 2018 चं ते किकी चॅलेंज वगैरे, चालत्या गाडीतून उतरून तिच्यासोबत नाचायचं, तेव्हा लोकलसोबत नाचणाऱ्या तिघांना वसईच्या रेल्वे कोर्टाने स्टेशन साफ करायला लावलं होतं. तसली पोरं माझ्याकडे क्वचित येतात. येतात ती अशी, एकदाच लागलेली. हो, लागलेली, मटक्यासारखी. एकदा आकडा लागला की माणूस पुढची दहा वर्षं लावत बसतो आणि कधी लागेल ते कळत नाही म्हणूनच तर सुटत नाही, स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं, दाणा कधी येईल याचा नेम नसला की कबुतर जास्तच चोच मारतं.

तिला मी कबुतर सांगितलं नाही, मटका सांगितला. हसली, पहिल्यांदा.

रील वाईट असं माझं अजिबात मत नाहीये. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा एका रात्रीत फॉलोअर गेले म्हणून रडणारी माणसं मी बघितलीत आणि त्यांच्यावर हसणारे नातेवाईकपण, पुढच्याच महिन्यात इन्स्टावर रील्स आलं आणि तेच नातेवाईक तिथे नाचताना दिसले. असो.

फोन काढून घेऊ नका असंच मी आईला सांगितलं, पोरगी मैत्रिणीच्या फोनवर बघेल. लाइक लपवायची सोय आहे, पण ती दुसऱ्यांपासून, आपले आकडे आपल्याला दिसतातच. म्हणून ठरलं असं की आकडा दिवसातून एकदा, रात्री आठला, आईसोबत बघायचा आणि वहीत लिहायचा नाही. आजीला विचारल्याशिवाय कॅमेरा नाही. दुसऱ्याच आठवड्यात मोडलं तिने, मैत्रिणीच्या फोनवरच बघितलं, स्वतःहून येऊन सांगितलं. मी रागावले नाही, आई रागावली. परत सुरू केलं. झोप रुळावर यायला दीड महिना गेला, क्लासचं अजून रडगाणं आहेच.

परवा आली तेव्हा फोनमधला एक व्हिडिओ दाखवला, आजी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडतेय, मध्येच स्वतःच हसत सुटते. मी दोनदा बघितला. म्हटलं, टाकला का गं?

"नाही ना मॅडम, आजी म्हणते ह्यात माझं तोंड वाकडं दिसतंय."