गाडीचं विचारा: सकाळी गाडी खाली बसलेली, पण कॉम्प्रेसर लगेच बदलू नका

प्रश्न: दादा, माझ्याकडं 2011 ची लँड रोव्हर डिस्कव्हरी 4 आहे, डिझेल, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. शेताचा रस्ता काळ्या मातीचा, त्यामुळं गाडी वर उचलायला लागतीच. पावसाळा संपल्यापासून रात्री उभी केली की सकाळी चारीकडून खाली बसलेली असती, पुढून जरा जास्तच, आणि चालू केली की कॉम्प्रेसर लई वेळ घरघर करत राहतो. आता पिवळा दिवा लागून 'नॉर्मल हाइट ओन्ली' येतंय. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, सी1ए20 कोड निघाला, कॉम्प्रेसर आणि चारी एअर स्प्रिंग गेले म्हणायलेत. खर्च ऐकून डोकंच चालंना. टाकू का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर: भाऊ, थांबा जरा. या गाडीला लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेनं फुगणारे रबरी एअर स्प्रिंग असतात, कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि ती हवा स्प्रिंगात जाऊन गाडी वर उचलते. या कोडचा अर्थ एवढाच की टाकीत हवा भरताना प्रेशर पाहिजे तेवढ्या वेगानं वाढंना. का वाढंना हे कोड सांगत नाही. कॉम्प्रेसर झिजला असेल, हवा कुठं गळत असेल, हवा आत ओढायचा फिल्टर धुळीनं चोंदला असेल, नाहीतर हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर खराब झाला असेल, सगळ्याला हाच कोड येतो.

चारी स्प्रिंग एकदम जाणं तर फार अवघड. या गाडीचा सस्पेन्शनचा कंट्रोलर (उंची सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) गाडी बंद असतानाही अधूनमधून जागा होतो, बंद केल्यावर दोन तासांनी आणि मग दर सहा तासांनी, आणि गाडी वाकडी दिसली की बाकीचे कोपरे सावकाश खाली सोडून सरळ करतो. म्हणजे गळती एकाच कोपऱ्याला असते पण सकाळी तुम्हाला चारी बसलेले दिसतात, आणि बघणारा म्हणतो सगळंच गेलं. हे माहीत नसल्यामुळं लोकांचे किती पैसे वाया जातात हे बघून खरंच वाईट वाटतं.

म्हणून आधी हे करा. संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर लावा, नॉर्मल हाइटला घ्या, टेपनं चारी चाकांचं माप घ्या, चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नाही, कारण टायरमध्ये हवा कमी असली की ते माप फसवतं. मग गाडी बंद करून मॅन्युअलमध्ये बघून सस्पेन्शनचा फ्यूज काढा म्हणजे कंट्रोलर रात्री काही करणार नाही. सकाळी परत चारी मापं घ्या, आणि फ्यूज बसवायच्या आधीच घ्या. आता जो कोपरा बसला तोच तुमचा चोर. चारी सारखेच थोडेथोडे उतरले असतील तर घाबरू नका, दिवसा ऊन आणि रात्री थंडी असली की आतली हवा आकसते, तेवढा फरक पडणारच.

पुढचे दोन्ही कोपरे सारखेच बसले तर दोन्ही स्प्रिंगपेक्षा पुढच्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर (दोन्ही स्प्रिंगात हवा सोडणाऱ्या-काढणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा) माझा आधी संशय जाईल, कारण दोघांची हवा तिथूनच सुटते. आणि फ्यूज काढल्यावर एकही कोपरा हलला नाही, पण फ्यूज लावून ठेवला की मात्र बसतोय, तर गळती नाहीच, एखादा हाइट सेन्सर (त्या कोपऱ्याची उंची मोजणारा) चुकीचं सांगायलाय. सेन्सर चाकाच्या आर्मजवळ उघड्यावरच असतात, चिखल आणि पाणी कनेक्टरमध्ये शिरून पिना हिरव्या पडतात, आधी तेच उघडून साफ करून बघा. जुनी बॅटरीही तपासून घ्या, व्होल्टेज पडलं की हे कंट्रोलर भलतेच कोड टाकतात.

गळतीचा कोपरा कळला की गाडी ऑफरोड हाइटला घ्या (वर गेली तर), साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून मारा आणि नीट वेळ देऊन बघा. या गाडीत स्प्रिंगचं रबर अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात झाकलेलं असतं त्यामुळं रबराची चीर थेट दिसत नाही, खालच्या रबरी बुटाच्या (धूळ अडवणाऱ्या आवरणाच्या) तोंडाशी बारीक फेस जमत जातो, मोठा फुगा येईल म्हणून वाट बघू नका. वरच्या टोकाला पाइप घुसतो त्या फिटिंगवर वेगळं पाणी मारा, पुष्कळदा गळती तिथंच असते आणि पाइपचं टोक सरळ कापून नवं फिटिंग बसवलं की काम होतं. पाइपची बाहेरची जाडी कॅलिपरनं मोजून घ्या, असलं न्यूमॅटिकचं सामान संभाजीनगरला एमआयडीसीच्या भागात मिळतं. फक्त एक, टाकीत पंधरा बारच्या आसपास प्रेशर असतं, ट्रकच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा हवा सोडल्याशिवाय कोणतंही फिटिंग सैल करू नका, आणि दुसऱ्या कोणालाही करू देऊ नका.

आता कॉम्प्रेसर. तो गाडीखाली डाव्या बाजूला चेसिसजवळ प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये असतो आणि तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठीच बनवलाय. गळती असली की तो थांबतच नाही, तापतो, पिस्टनची सील झिजते आणि एक दिवस खरंच जातो. म्हणजे तुमचा गॅरेजवाला म्हणतोय ते पूर्ण खोटं नाही, कॉम्प्रेसर थकला असू शकतो, पण गळती तशीच ठेवून नवा टाकला तर तोही त्याच वाटेनं जाणार. आधी गळती काढा, मग परत स्कॅन करून बघा टाकी किती वेळात भरते. तरीही हळूच भरत असेल तर कव्हर काढून ड्रायर उघडून बघा, आतले दाणे ओले होऊन चुरा झाला असेल तर ती पांढरी भुकटी पाइपातून व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जाते आणि तिथं अडकते. ड्रायरचे दाणे आणि पिस्टनची सील वेगळी मिळते, हातानं बसवता येते.

सगळं करूनही कॉम्प्रेसर बदलायचाच ठरला तर रिले पण नवा टाका, जुना रिले चिकटून राहिला की नवा कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. आणि तुमच्या गाडीत कोणत्या कंपनीचा कॉम्प्रेसर आहे, हिटाचीचा का एएमकेचा, ते आधी बघा, हिटाची काढून एएमके टाकला तर कंट्रोलरचं सॉफ्टवेअरही अपडेट करावं लागतं, नुसता बोल्ट आवळून भागत नाही. साधा ओबीडी स्कॅनर (इंजिनाचे कोड वाचणारा) सस्पेन्शन वाचत नाही, गॅप आयआयडी टूल (लँड रोव्हरसाठीचा खास स्कॅनर) नाहीतर कंपनीचं सॉफ्टवेअर असलेल्याकडंच जा.

प्रश्न: एवढा त्रासच नको म्हणून साधी कॉइल स्प्रिंग बसवून टाकावी असं मित्र सांगायलेत. बरोबर आहे का? (लातूर)

उत्तर: बसवता येते, लोक बसवतात, पण मला पटत नाही. कॉइल टाकली की गाडी एकाच उंचीला राहते, पावसाळ्यात शेतात वर घेता येत नाही, म्हातारी माणसं चढताना खाली घेता येत नाही, आणि कंट्रोलरला फसवायला वेगळं मॉड्यूल लावावं लागतं नाहीतर दिवा कायम पेटलेला. ज्यांची गाडी फक्त हायवेला पळते आणि पार्ट मिळायला फार वेळ लागतो त्यांनी विचार करावा. बाकीच्यांनी एक एक स्प्रिंग बदलत गेलेलं बरं, चारी एकदम बदलायची काही सक्ती नाही.

प्रश्न: आमच्याकडं ट्रॅव्हल्स बसचं काम करणारा एक चांगला फिटर आहे. त्याच्याकडून करून घेऊ का? (जालना)

उत्तर: गळती शोधायला त्याच्यासारखा माणूस नाही, जरूर घ्या. बसमध्ये हवा इंजिनच्या कॉम्प्रेसरवरून येते आणि उंची लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या दांडीनं ठरते, तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आणि सेन्सर आहेत, म्हणून सेन्सर बदलला तर कॅलिब्रेशन (उंचीचं माप परत जुळवणं) मात्र स्कॅनरवाल्याकडंच. आणि त्याला खाली झोपवायच्या आधी फ्यूज काढा आणि चेसिसखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर नको, कंट्रोलर मध्येच जागा झाला किंवा जुनं रबर फुटलं तर अडीच टनांची गाडी क्षणात खाली येते.