स्मार्ट टीव्हीवरचा पाठ आणि समोरचा वर्ग

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका छात्राध्यापिकेचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातील प्रश्न वेगवेगळे करून येथे घेतले आहेत. पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव व गाव छापलेले नाही.

प्रश्न : मी आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावासाठी, जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत जाते. शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला स्मार्ट टीव्ही आहे. पाचवीला अपूर्णांकांची तुलना शिकवताना मी त्यावर एक चित्रफीत दाखवली. मुले रंगून गेली, चित्रफितीतल्या प्रश्नांना सर्वांनी एका सुरात उत्तरे दिली आणि निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनीही पाठाचे कौतुक केले. दुसऱ्या दिवशी मात्र मी फळ्यावर एक तृतीयांश आणि एक पंचमांश लिहून मोठा कोणता असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी एक पंचमांश सांगितला. तंत्रज्ञानामुळे शिकणे सोपे होते असे आम्हाला सांगितले जाते, ते मग खरे मानावे का? माझ्या पाठात नेमके काय राहून गेले?

उत्तर : तुम्ही दुसऱ्या दिवशी तो प्रश्न विचारलात, यातच शिक्षिका म्हणून तुमची जाण दिसते. कौतुक झालेल्या पाठाची पुन्हा तपासणी करण्याची गरज अनेकांना वाटत नाही.

मुलांचे उत्तर चुकले असले, तरी त्यामागे तर्क आहे. तीनपेक्षा पाच मोठे, हे त्यांनी पहिलीपासून घट्ट केलेले ज्ञान आहे आणि तेच त्यांनी छेदाला लावले. अपूर्णांक शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वर्गात हा गैरसमज आढळतो, आणि तो मुलाच्या तोंडून बाहेर आल्याशिवाय दूर होत नाही. चित्रफीत तिच्या गतीने पुढे जाते. समोरचे मूल काय समजून बसले आहे, हे तिला कळण्याची सोय नाही. सामूहिक उत्तराने तर ते तुमच्यापासूनही लपले, कारण एका सुरातल्या उत्तरात तीन-चार मुले पुढे असतात आणि उरलेली त्यांच्या आवाजात आवाज मिसळतात.

तोच पाठ पुन्हा घ्यायचा असेल, तर टीव्ही सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाला एकाच लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या द्या. एका पट्टीचे तीन आणि दुसरीचे पाच समान भाग करायला सांगा. पाच समान भाग घड्या घालून जमणे मुलांना अवघड जाते, म्हणून पंधरा सेंटिमीटरची पट्टी घेऊन मोजपट्टीने खुणा करू द्या. घडी किंवा खूण करण्यापूर्वीच, कोणत्या पट्टीचा एक भाग मोठा असेल याचा अंदाज प्रत्येकाला पाटीवर लिहायला लावा आणि सर्व पाट्या एकाच वेळी वर धरायला सांगा. त्या क्षणी संपूर्ण वर्गाचे विचार तुमच्यासमोर उभे राहतील. ज्यांनी एक पंचमांश लिहिले त्यांना कारण विचारा, इतरांना त्यांच्याशी बोलू द्या, आणि मगच पट्ट्या शेजारी ठेवून पाहू द्या. चित्रफीत यानंतर दाखवावी, तीही उत्तर येण्याच्या आधी थांबवत थांबवत. तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते, कारण कागदावर दहा-बारा भाग करणे कंटाळवाणे असते आणि छेद वाढत गेला की भाग कसा लहान होत जातो, हे पडद्यावर क्षणात दिसते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तंत्रज्ञानाने शिकणे सोपे होते का, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. मात्र ते केव्हा होते आणि केव्हा होत नाही, याविषयी आपल्याच देशात चांगला अभ्यास झाला आहे. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत दुसरी-तिसरीच्या मुलांना गणितासाठी संगणक देऊन ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने परिणाम तपासले. तो अभ्यास 2008 साली पुढे आला. काही शाळांत संगणकाचा तास नेहमीच्या अध्यापनाच्या वेळातून काढला होता, तर काही शाळांत तो शाळेच्या वेळेबाहेर, जास्तीचा म्हणून ठेवला होता. जेथे संगणकाने शिक्षिकेच्या वेळाची जागा घेतली, तेथील मुले संगणक नसलेल्या शाळांतील मुलांपेक्षा स्पष्टपणे मागे पडली. जेथे तो जास्तीचा सराव होता, तेथील मुले पुढे गेली. त्या शाळांतले अध्यापन आधीच चांगले होते, त्यामुळे तेथून काढून घेतलेला प्रत्येक तास महाग पडला. माझ्या मते तुमच्यासारख्या प्रत्येक छात्राध्यापिकेला हा अभ्यास पदविकेच्या पहिल्याच वर्षी शिकवला पाहिजे.

माइंडस्पार्क ही संगणकावर सराव देणारी आज्ञावली वापरणाऱ्या दिल्लीतील केंद्रांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सहावी ते नववीची मुले शाळा सुटल्यावर येत; पाऊण तास संगणकावर काम करीत आणि पाऊण तास लहान गटात सहायकाकडून शिकत. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती दिसली. यातील मर्म असे, की ती मुले नववीत असली तरी अनेकांची तयारी कित्येक इयत्ता मागची होती, आणि ती आज्ञावली इयत्ता न पाहता मूल जेथे अडले आहे तेथून प्रश्न देत होती. याउलट पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले. 319 शाळांच्या पाहणीचा 2012 मध्ये आलेला निष्कर्ष असा होता, की गणित आणि भाषा या विषयांतील गुणांत फरक पडलेला नाही. यंत्र हाती आले, पण त्यावर कोणत्या मुलाने कधी काय करायचे, हे कोणी ठरवलेच नव्हते.

तुमच्या पाठाला हेच लावून पाहा. त्या तीस-पस्तीस मिनिटांत टीव्हीने जो वेळ घेतला, तो पाट्या वर धरण्याचा, कारण विचारण्याचा आणि चुकलेल्या मुलाशेजारी बसण्याचा वेळ होता.

आपल्याकडे हे प्रयोग नवे नाहीत, हेही लक्षात असू द्या. 1975-76 मध्ये साइट या उपक्रमात एटीएस-6 उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवले गेले. 1984 मध्ये क्लास प्रकल्पातून देशातील सुमारे 250 शाळांत संगणक आले, आणि त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी ही मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी संस्था सुरू झाली. आज शिक्षक असलेल्या एका पिढीने तिचे मराठी कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिले आहेत. ती संस्था 2017 मध्ये बंद करण्यात आली, याचे मला आजही फार वाईट वाटते. कारण मुलांसाठी मराठीतून विज्ञान आणि भूगोल कसा सांगावा, याचे तेथे वर्षानुवर्षे साचलेले कसब एका शासकीय निर्णयाने पुन्हा उभे राहणारे नाही. 2015 पासून राज्य शासनाच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांत राज्यभरातून शिक्षक येत होते, ते मुख्यतः फरशीवर रंगवलेली रेखाटने आणि खडे, काड्या, मणी, शब्दपट्ट्या घेऊन मुले स्वतः कशी शिकतात हे पाहायला. दोन्ही चळवळींत मनापासून राबणारे शिक्षक होते. त्यांपैकी खडे-काड्यांना विजेचे बिल येत नाही, एवढा फरक मात्र लहान शाळेला फार मोठा असतो. बिल थकल्यामुळे शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. केरळने या बाबतीत अधिक शहाणपणाने काम केले. तेथे मुक्त संगणकप्रणाली स्वीकारली गेली, शिक्षकांचे प्रशिक्षण सातत्याने होत राहिले आणि यंत्र बिघडल्यास तक्रार कोठे करायची याची व्यवस्था काइट (KITE) या शासकीय संस्थेकडे ठेवली गेली. उद्या तुमच्या शाळेला कोणी टीव्ही द्यायला आला, तर आभार मानताना दुरुस्ती आणि बिल कोणाकडे राहील, हेही शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या वर्गातील अनेक जण पाठ टाचणे, म्हणजे पाठाचे लेखी नियोजन, चॅटजीपीटीकडून तयार करून घेतात. ती सुबक असतात आणि त्यांना गुणही चांगले मिळतात. सादरीकरण दाखवले की पाठाला जास्त गुण, हेही ठरल्यासारखे झाले आहे. मी एकटीने हाताने टाचण लिहून स्वतःचे नुकसान का करून घ्यावे?

उत्तर : तुमची चीड मला समजते आणि ती योग्य आहे. जेथे गुण साधनाला मिळतात आणि मुलांच्या शिकण्याला मिळत नाहीत, तेथे मूल्यमापन चुकले आहे, हे अध्यापक विद्यालयांनी स्वच्छपणे मान्य केले पाहिजे.

तरीही टाचण तुम्ही स्वतःच लिहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. टाचणाचा कागद निरीक्षकासाठी असतो, पण ते लिहिताना होणारा विचार तुमच्यासाठी असतो: मुले कोठे अडतील, कोणते चुकीचे उत्तर येईल, ते आल्यावर मी पुढचा प्रश्न कोणता विचारीन. तुमच्या वर्गातील दोन मुली घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची भाषा बोलतात, किंवा एक मुलगा ऊसतोडीच्या हंगामात चार महिने शाळेबाहेर होता आणि त्याचा भागाकार राहून गेला आहे, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. त्याने लिहिलेले टाचण कोणत्याही गावातील कोणत्याही वर्गाला लागू पडते, म्हणूनच ते तुमच्या वर्गाला नीट बसत नाही.

आधी स्वतः लिहून झाल्यावर त्याचा उपयोग करायला माझी हरकत नाही. या घटकात मुले आणखी कोणत्या चुका करू शकतात, सरावासाठी चढत्या काठिण्याची दहा उदाहरणे कोणती देता येतील, असे नेमके प्रश्न विचारा. आलेले प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा, कारण ही साधने चुकीची गोष्टही पूर्ण आत्मविश्वासाने सांगतात. मराठीत तर संख्यांची नावे आणि गणिती परिभाषा यांत गफलत होताना दिसते. मुलांसमोर चुकीचे गेले, तर त्याची जबाबदारी तुमचीच राहील.

गुणांविषयी एक व्यवहारी सूचना करतो. निरीक्षणाच्या वेळी टाचणासोबत आदल्या दिवशीच्या चाचणीतील मुलांची उत्तरे गटवार मांडून ठेवा: कोणी कोणती चूक केली आणि आजचा पाठ त्यासाठी कसा बदलला. जाणकार निरीक्षक ते पाहिल्याशिवाय राहणार नाही. तरीही गुण कमी मिळाले, तर ते नुकसान थोडे आहे असे मी म्हणणार नाही, पण पदविकेनंतर वर्गात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल असे कौशल्य तुमच्या हाती आलेले असेल.

प्रश्न : शाळेतील गुरुजींचा बराच वेळ निरनिराळ्या पोर्टलवर माहिती भरण्यात जातो. उपक्रमांची छायाचित्रेही रोज व्हॉट्सॲप गटावर टाकावी लागतात. पुढे मलाही हेच करावे लागणार का?

उत्तर : बऱ्याच अंशी हो, आणि याबाबत तुम्हाला खोटा दिलासा देणे बरे नाही. सरल आणि यू-डायस प्लस या पोर्टलवर शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहाराची दैनंदिन नोंद, विद्यार्थ्यांचे आधार आणि अपार हा विद्यार्थी ओळख क्रमांक ही कामे आज शाळेच्या दिनक्रमाचा भाग झाली आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. पण माहिती भरणे हे शैक्षणिकच काम आहे असे धरले गेल्याने हा भार त्या कलमाच्या कक्षेबाहेर राहतो. शाळेत तंत्रज्ञान आणण्यावर आपण इतके बोलतो, पण ते सर्वाधिक वापरले जाते वरिष्ठांना माहिती पुरवण्यासाठी. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहासाठी, एक माहितीनोंद सहायक मिळाला, तरी दोन शिक्षकांच्या शाळेतील मुलांना दर आठवड्याला कित्येक तास परत मिळतील. शिक्षक संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे, आणि तुम्ही सेवेत आल्यावर ती मांडायला संकोच करू नका.

छायाचित्रांबाबत मात्र तुमच्या हाती बरेच काही आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि 18 वर्षांखालील मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती हवी, हे तत्त्व त्यात आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेतच ही संमती घ्या. ज्यांना नको असेल त्यांची मुले चौकटीत घेऊ नका, आणि चुकलेले गणित फळ्यावर असताना त्याशेजारी उभ्या मुलाचा चेहरा कधीही टिपू नका. उपक्रम दाखवायचा असेल तर मुलांचे हात, वह्या, तक्ते यांची छायाचित्रे पुरतात.

प्रश्न : शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाल्यावर समुपदेशनात शाळा निवडण्याची संधी मिळाली, तर डिजिटल वर्ग असलेली शाळा घ्यावी का?

उत्तर : त्यावर निर्णय अवलंबून ठेवू नका. मंजूर पदे किती आणि प्रत्यक्ष भरलेली किती, पट किती, तुमच्याकडे एकाच खोलीत किती इयत्ता येतील, मुलांची घरची भाषा कोणती आणि ती बोलणारे कोणी सहकारी शाळेत आहेत का, हे आधी विचारा. त्यानंतर शक्य असेल तर शाळा भरलेली असताना एकदा जाऊन या, आणि ग्रंथालयाची पुस्तके मुलांच्या हातात आहेत की कुलपात, तेही पाहा. टीव्ही असला तर त्याचे स्वागतच आहे. नसला, तर तुमच्या भ्रमणध्वनीवर दीक्षा हे शालेय अभ्यास साहित्याचे शासकीय ॲप असेलच. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडवरून हवी ती चित्रफीत घरी पाहून ठेवा आणि तिच्यातील एखादा चांगला प्रश्न फळ्यावर लिहा.