उलार, उलाळ आणि बसलेली गाडी

इंदूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: “काका, आमच्या टीमने मातीच्या ट्रॅकसाठी गाडी बांधली आहे. मागच्या स्प्रिंगा आणि वजनाचा तोल यांवर मला मराठी मंडळात बोलायचं आहे. ‘पश्च निलंबन’ आणि ‘भार संतुलन’ लिहिलं, तर आईलाही कळेना. लोहामंडीजवळचे मिस्त्री गाडी बघून म्हणाले, ‘पीछे से उलार है.’ हा शब्द मराठीत चालेल का?”

चालेल, फक्त मराठीत तो ‘उलाळ’ आहे. हिंदीतला उलार आणि आपला उलाळ ही भावंडंच. बैलगाडीत आखाच्या, म्हणजे ज्यावर चाकं फिरतात त्या दांड्याच्या, मागे माल जास्त झाला की मागची बाजू खाली जाते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोताचा काच बसतो. ती गाडी उलाळ. क्रियापद उलळणे: ‘पोती मागे रचू नका, गाडी उलळेल.’ याच्या उलट ओझं पुढे झालं तर ती जुवावर जड.

मी हा शब्द पहिल्यांदा शेतावर नाही, टांग्यात ऐकला. स्टेशनवरून राजवाड्याकडे येताना आई, मावशी आणि लोखंडी ट्रंक असं सगळं मागच्या बाजूला बसलं. घोड्याच्या पाठीवरचे दांडे वर उचलले गेले, पोटाखालचा पट्टा ताणला. टांगेवाल्याने लगाम न सोडता मान वळवली आणि म्हणाला, “बच्चे को आगे भेजो बाई, तांगा उलार हो रहा है.” मी पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि दांडे खाली आले. माझं वजन तेव्हा असेल वीस किलो, पण ते आखाच्या मागून पुढे आलं होतं. तुझ्या व्याख्यानातली अर्धी गोष्ट एवढ्यात येते.

मात्र तुझ्या गाडीचं इंजिन मागच्या आखाच्या पुढे असेल, तर तिला काटेकोरपणे उलाळ म्हणता येणार नाही. ती नुसती मागे जड. उलाळ म्हणायचं ते पुढची चाकं हलकी पडू लागतात तेव्हा: चढावर तोंड उचलतं, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. ट्रकचा माल मागच्या आखापलीकडे लटकला की ड्रायव्हर हीच तक्रार करतात. पीथमपूरला विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेत तुम्ही उतरणार असाल, तर चढणीच्या फेरीत हा शब्द डोळ्यांना दिसेल.

आता दुसरा शब्द, जो तू विचारला नाहीस पण ज्यावाचून घोटाळा होईल: ‘बसणे’. ‘गाडी मागून बसली’ म्हणजे स्प्रिंगा दबल्या, मागची उंची कमी झाली. लोक उलाळ आणि बसलेली एकच समजतात, कारण लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पण बसलेल्या गाडीला कडक स्प्रिंग टाकली की ती उठते. उलाळ गाडीला कितीही कडक स्प्रिंग टाका, ती उंच उलाळ होईल, एवढंच. तिला वजनच पुढे सरकवावं लागतं: बॅटरी, टाकी, चालकाची सीट. हा भेद आपल्या बोलीत आधीपासून आहे, आणि तो ‘असंतुलन’ या एका शब्दाखाली गाडून टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

तू अमेरिकेतल्या मातीच्या अंडाकृती ट्रॅकबद्दल वाचतो आहेस, तर तिथली तिसरी गोष्टही सांगायला हवी. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात. समज, गाडी 250 किलोची: मागे डावीकडे 75, मागे उजवीकडे 70, पुढे डावीकडे 50, पुढे उजवीकडे 55. आता मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा बोल्ट पिळून ती आणखी दाबली, तर काटे साधारण 79, 66, 46, 59 असे होतील. मागची बेरीज 145 होती, 145च राहिली. डावी बाजू 125 होती, तीही तशीच. वाढला तो मागचा डावा आणि पुढचा उजवा मिळून होणारा तिरपा भार: 130 वरून 138, म्हणजे 52 टक्क्यांवरून 55.2.

हे समजायला घरातला चौरंग पुरे. डुगडुगणाऱ्या चौरंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकव. भार त्या पायावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर जातो, उरलेले दोन हलके होतात. चौरंगावरचं ताम्हन जागचं हललेलं नसतं. म्हणून मी याला ‘तिरपा भार’ म्हणेन. ‘कर्णभार’ भूमितीच्या हिशेबाने बरोबर आहे, पण ऐकणारा कानाकडे किंवा महाभारताकडे जातो.

अमेरिकेतल्या त्या ट्रॅकवर गाड्या डावीकडेच वळतात. तिरपा भार जास्त झाला की वळणात ‘तोंड फिरत नाही’, कमी झाला की ‘मागून सुटते’, म्हणजे मागची चाकं बाहेर घसरतात. हे दोन्ही प्रयोग तसेच ठेव. मागची उजवी स्प्रिंग कडक केली तरी गाडी मागून सुटण्याकडे झुकते, ओल्या-सुक्या मातीप्रमाणे कमी-अधिक.

राहिलं ‘निलंबन’. आपल्याकडे निलंबन नोकरीतून होतं. ‘पश्च निलंबन’ वाचून आई अडली यात तिचं काही चुकलं नाही. सस्पेन्शनच म्हण. पट्ट्यांचे थर रचून केलेल्या स्प्रिंगला मात्र महाराष्ट्रात ‘पाटे’ म्हणतात, इंदूरच्या गॅरेजात ‘कमानी’. धनुष्यासारखी वाकलेली म्हणून कमान. घड्याळातल्या स्प्रिंगलाही आपण तेच म्हणत आलो. वेटोळ्याची असेल तर स्प्रिंग.

आणि मिस्त्रींशी बोलताना ‘धुरा’ जपून वापर. त्यांच्या हिंदीत धुरा म्हणजे आख, जिच्यावर चाक फिरतं; आपल्या मराठीत धुरा जुवाकडची. मागचा धुरा सरकवायला सांगशील आणि व्याख्यानात तोच शब्द घेशील, तर शेतीवाडीतून आलेला श्रोता गाडीच्या पुढच्या टोकाकडे बघत बसेल.