मोबाइलवर नेट धावतंय, कॉम्प्युटरवर मात्र ठप्प

प्रश्न : (दापोलीहून एक वाचक) नमस्कार, आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे. परतीच्या पावसात एका रात्री खूप विजा झाल्या, लाइट दोन-तीनदा गेली-आली, आणि तेव्हापासून घरातल्या डेस्कटॉपला नेटच नाही. मोबाइल, टीव्ही सगळं वायफायवर मस्त चालू आहे. कॉम्प्युटरला राउटरपासून केबल आणलेली आहे, पण 'नो इंटरनेट' एवढंच येतं. मुलीने नेटवर्कचे डिटेल्स उघडून बघितले तर आयपीच्या पुढे १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसतो. रिपेअरवाला म्हणतो विंडोज उडालंय, फॉर्मॅट मारावं लागेल. बाबांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद आणि सगळे जुने फोटो त्यातच आहेत. काय करू?

उत्तर : फॉर्मॅट मारू नका. निदान हे वाचून खालच्या दोन गोष्टी करून बघेपर्यंत तरी नकोच. नेट बंद म्हटलं की फॉर्मॅट, हा सल्ला मी इतक्या पत्रांत वाचतो की आता राग येतो, कारण त्यात लोकांचे फोटो, कागद कायमचे जातात आणि बऱ्याचदा नेट काही येत नाही ते नाहीच.

तुमच्या मुलीने जो नंबर बघितला ना, तोच इथे सगळ्यात कामाचा आहे, तिला शाबासकी द्या. घरातलं कुठलंही यंत्र राउटरला जोडलं की ते राउटरकडे एक नंबर मागतं, राउटर तो देतो, आणि तो बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतो. मागूनही राउटरकडून उत्तरच आलं नाही तर विंडोज वाट बघून शेवटी स्वतःच एक नंबर लावून घेतं, आणि तो कायम १६९.२५४ ने सुरू होतो. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचं इंटरनेटशी सोडा, पलीकडच्या टेबलावरच्या राउटरशीसुद्धा बोलणं होत नाहीये. तुमची फायबरची लाइन चांगली आहे, नाहीतर मोबाइलवर नेट चाललंच नसतं, राउटरवरचा एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असता. तेव्हा कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, बिघाड राउटरचं भोक, केबल, कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट (केबल लावायची जागा) किंवा त्याची सेटिंग यांतच कुठेतरी आहे.

आता पहिली टेस्ट, आणि माझ्या मते घरच्या घरी करायची हीच सगळ्यात भारी. अँड्रॉइड फोन घ्या, चार्जिंगच्याच केबलने कॉम्प्युटरला लावा (केबल डेटावाली हवी, काही स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात), फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट जिथे असतो तिथेच 'यूएसबी टेदरिंग' असतं ते चालू करा. फोन वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय कॉम्प्युटरला देतात, मोबाइल डेटाही जात नाही. लॅनची केबल तेवढ्यापुरती काढून ठेवा. एक-दोन मिनिटांत कॉम्प्युटरवर साइट उघडल्या तर विंडोज ठीक आहे, ब्राउझर ठीक आहे, आणि फॉर्मॅटचा विषय तिथेच संपला. रिपेअरवाल्यालाही हे समोर दाखवा. आणि नेट आलंच आहे तर त्याच बैठकीत बाबांचे कागद आणि फोटो आधी पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर चढवून घ्या, बाकी रिपेअर मग निवांत होईल.

दुसरी टेस्ट केबलची. कॉम्प्युटरच्या मागे जिथे लॅनची पिन बसते तिथे दोन बारीक दिवे असतात, बहुतेक एक हिरवा आणि एक पिवळा-केशरी. केबल लावल्यावर एक लागायला हवा आणि दुसरा लुकलुकायला हवा. दोन्ही मेलेले असतील तर आधी राउटरच्या मागचं भोक बदला, एकातून काढून दुसऱ्यात, कारण विजेच्या झटक्यात कधीकधी राउटरचं एकच पोर्ट जातं आणि बाकीची चालू राहतात. मग केबल बदला, शेजाऱ्यांकडून मागून आणली तरी चालेल. पिनचं प्लास्टिकचं लॉक तुटलेलं असेल तर ती अर्धवट बसते आणि दिसताना मात्र बसलेली दिसते, तेही बघा. टक् असा आवाज आला पाहिजे.

दिवे लागतायत पण नंबर तोच १६९.२५४ चा, असं असेल तर हे करा. कॉम्प्युटर शटडाउन करा आणि मग त्याचा मेन प्लग बोर्डातून काढून ठेवा, नुसतं शटडाउन करून भागत नाही, कारण प्लग चालू असेपर्यंत लॅनच्या चिपला थोडी वीज मिळतच राहते (म्हणूनच बंद कॉम्प्युटरच्या मागेही तो दिवा लागलेला दिसतो). झटक्याने चिप अडकून बसली असेल तर ती कधीकधी एवढ्यानेच सुटते. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीजही निघून जाते. तोवर राउटरही बंद करून ठेवा. मग आधी राउटर चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, आणि मगच कॉम्प्युटर.

सेटिंगमध्ये एकच गोष्ट बघा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये इथरनेटवर जाऊन आयपी असाइनमेंट 'ऑटोमॅटिक' आहे का. कुणी मॅन्युअल करून ठेवलं असेल तर ऑटोमॅटिक करा. नंतर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्सच्या खाली लॅनचं नाव गायबच असेल किंवा त्यावर पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हर (लॅन चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) तरी गेलाय किंवा पोर्ट तरी. नावावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर परत घालतं. शटडाउन करून चालू नका करू, रीस्टार्टच करा, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनने सिस्टिम पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

खरं सांगायचं तर विजांची रात्र म्हटल्यावर मला पोर्टच गेल्याचा दाट संशय आहे. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त असतात, पण राउटरचा अडॅप्टर घरच्या बोर्डातच लावलेला असतो आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅन केबल तांब्याची, म्हणजे झटका थेट मदरबोर्डपर्यंत पोचायला रस्ता मोकळा. पोर्ट गेलं असलं तरी मदरबोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर किंवा वायफायचा डोंगल काही शे रुपयांत मिळतो, तो लावा आणि काम चालू करा. आणि यापुढे ढग गडगडायला लागले की राउटरचा अडॅप्टर, कॉम्प्युटरचा प्लग आणि लॅनची केबल तिन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. पण विजा डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका, आधीच काढा.

प्रश्न : (बार्शीहून एक वाचक) आमचा कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज ७ आहे. वायफाय कनेक्टेड दाखवतं पण कुठलीही साइट उघडली की तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही असं लाल रंगात येतं. घड्याळ रोज सकाळी २०१० दाखवतं, मी ते रोज नीट करते आणि मग चालतं. हॅक झालाय का?

उत्तर : नाही ताई, हॅक नाही, सेल संपलाय. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, बहुतेक सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ सांभाळायचं काम तो करतो. आता तारखेचा आणि नेटचा संबंध काय, तर प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतं आज २०१० साल आहे, म्हणून त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, आणि ब्राउझर दार लावून घेतो. इतक्या वर्षांचा फरक पडला की विंडोज बहुतेक वेळा आपणहून वेळ जुळवतही नाही. प्लग काढून, जुना सेल ज्या बाजूने वर होता तसाच नवा बसवा आणि तारीख एकदा लावा. तोपर्यंत त्या लाल पानावर 'तरीही पुढे जा' दाबून बँकेचं काम अजिबात करू नका.

एक मात्र मनापासून सांगतो, विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला बंद केले आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे. सेल बदलून नेट चालेल, पण बँक आणि यूपीआय या कॉम्प्युटरवरून नकोच.

प्रश्न : (नागपूरहून एक वाचक) नेट बंद पडलं म्हणून फोनवर कस्टमर केअरचा नंबर सर्च केला. समोरच्या माणसाने स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं आणि रिफंड म्हणून एक रुपया पाठवायला सांगितला. मी घाबरून फोन ठेवला, अ‍ॅप मात्र टाकून झालं होतं.

उत्तर : फोन ठेवलात ते फार बरं केलंत. सर्चमध्ये वर दिसणारे बरेच नंबर भामट्यांनी टाकलेले असतात. आता फोन फ्लाइट मोडवर टाका, ते अ‍ॅप काढा, सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत त्याला किंवा दुसऱ्या अनोळखी अ‍ॅपला परवानगी दिलेली नाही ना ते बघा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदला आणि खातं तपासा, आणि ते अ‍ॅप काढून झाल्यावर यूपीआय पिनही बदला. एक रुपया जरी गेलेला दिसला तरी ताबडतोब १९३० ला फोन लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लगेच कळवा. नेटच्या कंपनीचा नंबर बिलावर किंवा त्यांच्याच अ‍ॅपमध्ये असतो, तो आत्ताच कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा, म्हणजे नेट बंद पडल्यावर शोधायची वेळ येणार नाही.