बॉल कोणत्या पट्टीवरून गेला?

वाचकांचे प्रश्न : टेनपिन बोलिंग

प्रश्न : ताई, मी बऱ्याच दिवसांपासून नियमित खेळतो. उजव्या हाताने टाकतो आणि लेनवर, म्हणजे बॉल घरंगळतो त्या लांब वाटेवर, जे बाण असतात त्यांतल्या उजवीकडून दुसऱ्या बाणावर नजर ठेवतो. पण एक बॉल छान पॉकेटमध्ये (सगळ्यात पुढची हेडपिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांच्या फटीत) बसतो, पुढचा थेट हेडपिनच्या नाकावर जातो आणि त्याच्या पुढचा हेडपिनला न शिवताच उजवीकडून निघून जातो. मित्र म्हणतात, बाण सोड, पिनांवरच नेम धर. मी काय करू?

उत्तर : बाण सोडू नका. हेडपिन फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, ६० फूट लांब आहे आणि बाण जेमतेम १२ ते १६ फुटांवर. जवळच्या खुणेवर नेम धरणं केव्हाही सोपं. तुमची अडचण वेगळीच आहे, आणि ती तुमच्या पत्रातच दिसते. तुम्ही ‘दुसरा बाण’ म्हणता, पण बॉल प्रत्यक्षात कुठून गेला ते लिहीत नाही.

लेनच्या रुंदीत ३९ पट्ट्या असतात, प्रत्येक साधारण एक इंचाची. दर पाच पट्ट्यांवर एक बाण, म्हणजे तुमचा बाण उजवीकडून दहाव्या पट्टीवर. आता समजा, बॉल योग्य जागी टेकला, पण बाणांपाशी एकच पट्टी इकडे किंवा तिकडे सरकला. बॉल सरळ जाणारा असेल तर १५ फुटांवरचा एका पट्टीचा फरक ६० फुटांवर चार पट्ट्यांचा होतो. पिनची जाडी पोटापाशी पावणेपाच इंच. पॉकेटमधला बॉल नाकावर जायला चार पट्ट्या भरपूर झाल्या. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रत्येक बॉलनंतर एकच प्रश्न विचारते : कोणत्या पट्टीवरून गेला? नऊ, दहा की अकरा?

सुरुवातीला कोणालाच सांगता येत नाही. बॉल हातातून सुटतो न सुटतो तोच नजर पिनांकडे धावते. नजरेबरोबर डोकं वर येतं, डोक्याबरोबर खांदा उघडतो आणि हात आडवा ओढला जातो. बॉल बाणावरून जाईपर्यंत डोळे तिथून हलवायचे नाहीत, आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. तोही बॉल पिनांपर्यंत पोचायच्या आत. पिना पडल्यावर सांगितलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो. स्ट्राइक झाला, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पडल्या, की प्रत्येकाला बॉल दहावरूनच गेल्यासारखा वाटतो.

आता पाय. रेष ठरायला दोन बिंदू लागतात. बाण हा दुसरा बिंदू. पहिला बिंदू म्हणजे बॉल लेनवर टेकतो ती जागा, आणि ती ठरवतो तुमचा शेवटी सरकणारा डावा पाय. त्या पायाच्या आतल्या कडेपासून बॉल साधारण सहा-सात पट्ट्या उजवीकडे टेकतो. खेळाडू अप्रोचवर, म्हणजे फाउल लाइनच्या अलीकडच्या चालायच्या जागेवर, उभं राहताना पाय अगदी काळजीपूर्वक ठिपक्यावर ठेवतात, पण चार-पाच पावलं चालून तो कुठे थांबला हे मात्र पाहत नाहीत.

माझ्याकडे एक शाळकरी मुलगा येतो. हात सुरेख, नजर पक्की, आकडाही बरोबर सांगायचा. तरी तुमच्यासारखीच तक्रार. मी त्याच्या हाताकडे पाहायचं सोडलं आणि फाउल लाइनच्या बाजूला वाकून फक्त बुटाकडे पाहत राहिले. उभा राहायचा विसाव्या पट्टीवर. थांबायचा कधी अठराव्या, कधी विसाव्या, कधी बाविसाव्या पट्टीवर. पाय दोन पट्ट्या डावीकडे थांबला आणि बॉल त्याच बाणावरून गेला, तर पिनांपाशी तो सहा पट्ट्या उजवीकडे जातो. बाण अचूक साधूनही हेडपिन चुकते ती अशी. त्याचं पहिलंच पाऊल तिरकं पडत होतं. हातात बॉल न घेता, बाणाकडे बघत तो नुसता चालत राहिला, ते पाऊल सरळ झालं, आणि नेमाबद्दल मला वेगळं काही शिकवावंच लागलं नाही.

तेव्हा बॉल सोडल्यावर जागचे हलू नका. आकडा म्हणा, मग खाली बघा, पाय कुठे आहे ते पाहा. फाउल लाइनच्या अलीकडे ठिपके असतातच. सोबत कोणी असेल तर पायाचं काम त्याच्याकडे द्या. पाय आणि बाण दोन्ही जागेवर असतील, तरच बॉल पुढे कुठे गेला याला काही अर्थ आहे. पाय चुकला असेल तर हात बदलू नका. बाण चुकला असेल तर उभं राहायची जागा बदलू नका. हे सांभाळलंत की निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

पाय बरोबर, पण बॉल सारखा बाणाच्या डावीकडे जात असेल, तर बहुधा तुम्ही बॉल आवळून धरताय. अंगठ्याचं भोक सैल असलं की बॉल निसटेल या धास्तीने हात आपोआप आवळतो. भोकात टेपची एक पट्टी लावून बघा. मनगटावर आणि खांद्यावर मेहनत घेण्याआधी हे करा, कारण सैल भोक तसंच ठेवून केलेला सराव वाया जातो.

प्रश्न : माझा स्ट्राइकचा बॉल बरा आहे, पण मागच्या ओळीत उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन एकटी उरली की मी हमखास चुकते. डाव्या कोपऱ्यातली ७ नंबरची मात्र बऱ्याचदा पडते. मीही उजव्या हाताने खेळते. असं का?

उत्तर : कारण तुम्ही ती उजव्या कडेने सरळ जाऊन पाडायला बघत असणार. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण दहापैकी नऊ जण तेच करतात.

लेनच्या मधोमध एकटी उभी असलेली पिन घ्या. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिनचा पावणेपाच, म्हणजे बॉल डावी-उजवीकडे मिळून तेरा इंचांच्या पट्ट्यात कुठूनही आला तरी पिनला लागतोच. १० नंबरच्या पिनचा मध्य मात्र गटरपासून, म्हणजे लेनच्या कडेच्या पन्हाळीपासून, जेमतेम पावणेतीन इंचांवर. उजवीकडची जागा गटरने खाल्ली. हातात उरले नऊ इंच आणि थोडं वर. बाणांपाशी तेच सव्वादोन पट्ट्यांएवढे होतात. त्यात कडेने गेलात तर गटर सुरुवातीपासून शेजारी, आणि बहुतेक अ‍ॅलींमध्ये लेनला लावलेलं तेल कडेच्या पट्ट्यांवर कमी असल्याने बॉल वळून पिनपासून दूर जातो.

म्हणून डावीकडे सरका आणि लेन तिरकी कापत, तिसऱ्या-चौथ्या बाणामधून टाका. खांदेही त्याच दिशेला वळवा. पाय तिरके आणि खांदे समोर, असं करू नका. शक्य असेल तर या पिनसाठी प्लॅस्टिकचा बॉल ठेवा, तो जवळजवळ वळतच नाही. हुक बॉलनेच, म्हणजे वळणाऱ्या बॉलनेच, टाकायचा असेल, तर मनगट सैल सोडा, तळवा बॉलच्या मागेच ठेवा आणि हात सरळ पिनकडे न्या.

७ नंबर पडते, कारण तिथे तुम्ही आपोआप तिरक्या जाता. डाव्या बाजूच्या पिनांचा हिशेब सोपाच आहे : बाण स्ट्राइकचाच ठेवायचा, २ नंबरसाठी तीन पट्ट्या उजवीकडे उभं राहायचं, ४ साठी सहा, ७ साठी नऊ. एखाद-दुसरी पट्टी ज्याच्या त्याच्या चालीनुसार कमी-जास्त करावी.

सरावासाठी एक खेळ सांगते. दहाही पिना उभ्या असताना पहिल्या बॉलने फक्त १० नंबर पाडायची, दुसऱ्याने फक्त ७. मधल्या पिनांना हात लावायचा नाही. गुण लाजिरवाणे येतील, स्क्रीनकडे पाहूच नका. मुलांना मी महिनोन्महिने हा खेळ खेळायला लावते. नेम बसवणारा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

प्रश्न : पहिल्या गेममध्ये ज्या जागेवरून पॉकेट मिळतं, तिथूनच तिसऱ्या गेममध्ये बॉल हेडपिनच्या डावीकडे जातो. पाय आणि बाण मी तपासले, दोन्ही बरोबर आहेत. माझा नेम बिघडलाय का?

उत्तर : नाही. पाय आणि बाण तपासूनच विचारलंत, हे फार बरं केलंत. लेनवरचं तेल बदललं आहे. प्रत्येक बॉल आपल्या वाटेवरचं थोडं तेल पुसून नेतो. वाट कोरडी होते आणि बॉल लवकर वळतो. बॉल ज्या बाजूला चुकतो त्याच बाजूला सरका. डावीकडे जातोय ना, मग पाय दोन पट्ट्या डावीकडे आणि नेम एक पट्टी डावीकडे. दोन बॉल टाका, बघा, लागलं तर तेवढंच पुन्हा सरका. हात मात्र होता तसाच ठेवा.

प्रश्न : १६ पौंडांचा बॉल घेतला तर नेम सुधारेल का? सध्या १३चा वापरतो.

उत्तर : नाही. नियमांत बसणारा तो सगळ्यात जड बॉल आहे, सगळ्यात चांगला असं नव्हे. तिसऱ्या गेमच्या शेवटीही खांदा न झुकवता जो सहज झुलवता येतो, तो तुमचा बॉल. १३ तसा झुलत असेल तर तोच ठेवा आणि ते पैसे बॉलची भोकं तुमच्या बोटांच्या मापाने पाडून घेण्यावर घाला.